पत्नीचे मित्र

वसुधा,

ज्याला तू तीन वर्षं फक्त पत्रांतून ओळखतेस, तो गोपीनाथ सुटला. नागपूरच्या गाडीने येतोय. त्याला आणायला मी स्टेशनवर गेलोय. भात केलाय, जरा लागलाय. वरणाला फोडणी तेवढी दे.

राजधानी नागपूरहून भोपाळला हलली, आपलं बिऱ्हाड हललं, तुझी पत्रं थांबली नाहीत. तुरुंगाचा शिक्का घरी आला तर बढती जाईल, म्हणून त्याची उत्तरं तुझ्या शाळेच्या पत्त्यावर मागवायला लावणारा शूर पुरुष मीच. तुझ्यापायी लिहायला शिकलेल्या त्या माणसाने परवा मलाच स्वतःच्या अक्षरात विचारलं, 'बाईंना भेटायला येऊ का?'

आज रजेच्या अर्जात कारण लिहिलं: 'पत्नीचे मित्र तुरुंगातून सुटून येत आहेत.' साहेबांनी दोनदा वाचलं. मी एक अक्षर खोडलं नाही.

अच्युत