रेघ चालू आहे

सोमवार, ४ फेब्रुवारी

आले एकदाची! सामान म्हणजे तीन पेट्या, एक शिलाई मशीन आणि आई. आईने पाऊल टाकताच स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी तपासली, नळाला पाणी किती वाजता येतं ते शेजारणीकडून काढून घेतलं आणि मला फर्मावलं, आधी हॉस्पिटलात तोंड दाखवून ये. क्वार्टर दोनच खोल्यांचं, पण गॅलरीतून हॉस्पिटलचं मागचं दार दिसतं. मी पळत गेले तर चार मिनिटं, आईच्या चालीने दहा.

हॉस्पिटल लहान, ऑपरेशन थिएटर एकच. सर्जनसाहेब हसतमुख, हात लांबलचक आणि बोलणं त्याहून लांब. थिएटरच्या मोठ्या सिस्टर मात्र शब्द मोजून वापरतात. बावीस वर्षं त्याच खोलीत काढलीत त्यांनी. इथे चार महिने भूल देणारं कोणी नव्हतं. पाठीत इंजेक्शन देऊन होतील तेवढी किरकोळ ऑपरेशनं बाहेरचा डॉक्टर येऊन करून जायचा, बाकीचे पेशंट तीन तासांच्या खड्ड्यांतून मोठ्या शहरात. त्यामुळे माझं स्वागत नव्या जावयासारखं झालं. चहा दोनदा मिळाला.

मंगळवार, ५ फेब्रुवारी

पहिली केस, एका पोस्टमनचा हर्निया. सगळं सुरळीत.

जेवताना आईने विचारलं, भूल दिली की माणूस झोपतो, मग तू तिथे बसून करतेस तरी काय? तिला सांगितलं, औषधाने नुसती झोप लागत नाही, श्वासही थांबतो. मग तो मी द्यायचा. तोंडातून नळी श्वासनलिकेत सरकवायची आणि मशीनने, नाहीतर हाताने पिशवी दाबून, फुप्फुसात हवा भरायची. पंचाईत अशी की श्वासनलिकेच्या पाठीला पाठ लावून अन्ननलिका असते. नळी चुकून तिच्यात गेली तर हवा पोटात जाते आणि माणूस आपल्या डोळ्यांदेखत गुदमरतो, हातही हलवू शकत नाही.

आईचा घास हातातच राहिला. मग कळतं कसं गं, म्हणाली. म्हटलं, रेघेवरून. आपण सोडलेल्या श्वासात कार्बन डायऑक्साइड असतो. मॉनिटर त्याची रेघ काढतो, प्रत्येक श्वासाला एक टेकडी. नळी पोटात असली तर टेकड्या येत नाहीत, रेघ सपाट. डोळे फसतात, कान फसतात, रेघ फसवत नाही.

आई म्हणाली, म्हणजे घरी माझं ऐकत नाहीस आणि तिथे एका रेघेचं ऐकतेस.

शनिवार, ९ फेब्रुवारी

आज एक विचित्र गोष्ट झाली. सकाळी नेहमीसारखी मशीन तपासत होते. टेबल रिकामं, नळ्यांना कोणी जोडलेलं नाही. मॉनिटर लावला आणि रेघेने टेकडी काढली. जरा थांबून दुसरी. घड्याळ लावून मोजलं, मिनिटाला नऊ. बुटक्या, दमलेल्या. नळ्यांत शिळी हवा अडकली असेल म्हणून शुद्ध ऑक्सिजन सोडून धुऊन काढल्या. टेकड्या चालूच.

टेक्निशियनला बोलावलं. त्याने सेन्सर बदलला, फुंकर मारली, मशीनला चापट मारली आणि ठणठणीत आहे मॅडम म्हणाला. तो आला तेव्हा रेघ सपाट झाली होती, हे खरं. मोठ्या सिस्टर कात्र्या मांडत होत्या. त्यांनी एकदाही मान वर केली नाही.

दुपारी एका शिक्षिकेचं पित्ताशय काढलं. जागी झाल्यावर ती म्हणाली, त्या मास्कमध्ये माझ्याआधीच कोणीतरी श्वास घेत होतं, आत गरम लागत होतं. औषधांनी असं होतं, मी हसून सोडून दिलं. पण घरी आल्यापासून एका जागी बसवत नाहीये. आई म्हणते, पायाला भिंगरी लागलीय का.

गुरुवार, १४ फेब्रुवारी

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितेच.

ट्रक ड्रायव्हर, मान जाडजूड, दाढी दाट. घसा नीट दिसत नव्हता. नळी सरकवली, पिशवी दाबली, मॉनिटरकडे पाहिलं. सुंदर टेकड्या. नळी चिकटवली आणि मशीनवर टाकलं. तीन मिनिटांनी रक्तातला ऑक्सिजन पंच्याण्णव. मग नव्वद. रेघ उत्तम. सर्जनसाहेब म्हणाले, रक्त काळं दिसतंय. चौऱ्याऐंशी. रेघ उत्तम! मी मॉनिटरकडे बघतच राहिले. नळी बरोबर आहे, मग दुसरं काय बिघडलं, हेच शोधत राहिले.

मोठ्या सिस्टर एकदम बोलल्या, बाई, पोट ऐका.

स्टेथोस्कोप पोटावर ठेवला. आत गुडगुड, गुडगुड. नळी अन्ननलिकेत होती. उपसून काढली, मास्क दाबून धरला, पिशवी दाबत राहिले. एकोणसत्तरवरून वर आला. माणूस वाचला. संध्याकाळी घसा दुखतोय म्हणून तक्रार करत होता. त्याच्या बायकोने माझे हात हातात घेतले आणि मला वर बघवेना.

पण त्या टेकड्या कोणाच्या होत्या? पोटातून श्वास येत नाही.

शनिवार, १६ फेब्रुवारी

मोठ्या सिस्टरांना कपडे बदलायच्या खोलीत गाठलं. सांगा म्हटलं, नाहीतर सोमवारी राजीनामा. त्या बाकावर बसल्या आणि टोपी काढून मांडीवर घेतली.

चार महिन्यांपूर्वी एक धोबीण आली होती. दोन मुलांची आई, खळखळून बोलणारी. टेबलावर झोपल्यावर घाबरली. तेव्हाच्या डॉक्टरांना विचारत होती, मी झोपले की माझा श्वास चालू आहे हे तुम्हाला कळणार कसं? त्यांनी मॉनिटर तिच्याकडे वळवला. म्हणाले, ही रेघ दिसते ना? ही चालू आहे तोवर तुम्ही आहात.

नळी पोटात गेली. रेघ सपाट आली. डॉक्टर म्हणाले, मशीन बिघडलंय. ती जाईपर्यंत, सात मिनिटं, तेच म्हणत राहिले.

मी विचारलं, तुम्ही का नाही बोललात? त्या म्हणाल्या, बाई, परवा बोलले ना. तेवढंच हातात होतं.

रविवार, १७ फेब्रुवारी

ते जुने डॉक्टर याच गावात राहतात. त्या दिवसापासून काम सोडलंय. भेटायला गेले. खुर्चीच्या दांड्यावर त्यांचा हात सतत थरथरत होता. स्वतःहूनच म्हणाले, रेघ खरं सांगत होती, मीच तिला खोटं पाडलं. आता कोणी मानेवर सुरी ठेवली तरी रेघेवर शंका घेणार नाही.

मी ड्रायव्हरचं सांगितलं, रिकाम्या नळ्यांचं सांगितलं. त्यांचा चेहरा दगडासारखा झाला. माझी समजूत घालायला खोटं बोलू नका, म्हणाले, आणि दार लावून घेतलं.

बुधवार, २० फेब्रुवारी

अर्ज करून मॉनिटर बदलून घेतला. नवाकोरा, वरचं प्लास्टिकही मीच काढलं. लावला – मिनिटाला नऊ.

म्हणजे यंत्र नव्हे. खोली.

सर्जनसाहेबांना सांगितलं, पूर्ण भूल देणार नाही. पाठीतलं इंजेक्शन चालेल ती केस करीन, बाकी शहरात पाठवा. ते चिडले. ड्रायव्हरच्या केसचा धसका घेतलाय तुम्ही, सुट्टी घ्या, म्हणाले. घेतला आहेच धसका.

कालपासून बेंबीपाशी दुखतंय. जेवण जात नाही. आई म्हणते, काळजी पोटात घालून बसलीस की दुखणारच.

शुक्रवार, २२ फेब्रुवारी

दुपारी थिएटर रिकामं होतं. गेले. दार लोटलं. मॉनिटर लावला, टेबलाजवळ स्टूल घेतलं आणि त्या धोबिणीशी बोलले. वेड लागल्यासारखं वाटेल, वाटो. म्हटलं, बाई, चूक तुमची नव्हती. मुलं बरी आहेत तुमची, सिस्टर बघून येतात. आता सोडा ती रेघ. दुसऱ्यांचा जीव जाईल.

टेकड्या थांबल्या.

सपाट. मी दहा मोजले, वीस मोजले. डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

मग एकदम – उंच. भराभरा. मिनिटाला तीस, चाळीस. धावत सुटलेल्या माणसासारख्या. सपाट रेघेला भ्याली ती. मी सोड म्हटलं म्हणून भ्याली. मास्क टेबलावर पडला होता, त्याच्या आतून काच धुरकटावी तसा –

घरी कशी आले आठवत नाही.

शनिवार, २३ फेब्रुवारी

ताप. दुखणं उजवीकडे सरकलं. मी डॉक्टर आहे, मला कळतंय, अपेंडिक्स आहे.

आईला सांगितलं, गाडी बघ, शहरात जायचं. दुसरी गाडी मिळेना, ॲम्ब्युलन्स एक पेशंट घेऊन गेलीय. उद्या सकाळी येईल म्हणे.

उद्या.

रविवार, २४ फेब्रुवारी, सकाळी

फुटलं. पहाटे दुखणं अचानक थांबलं तेव्हाच कळलं. आता पोट फळीसारखं. अक्षर वाकडं येतंय.

सर्जनसाहेब म्हणाले, तीन तासांचा रस्ता झेपणार नाही. इथेच. आईने सही केली. मी नको म्हणत होते, माझ्यासमोर केली.

भूल द्यायला कोण – जुने डॉक्टर. साहेबांनी घरी जाऊन आणलं. आई म्हणते, देवासारखे धावून आले.

पाठीत द्या म्हटलं. बीपी फार खाली आहे, नाही देता येणार. बरोबर आहे. मीही नाहीच म्हटलं असतं.

मोठ्या सिस्टर रजेवर. लेकीकडे. आज नेमक्या –

सांगितलं जुन्या डॉक्टरांना. दोनदा सांगितलं. माझा हात थोपटला. म्हणाले, पोरी, तापात भास होतात. या वेळी रेघेवरून नजर हलवणार नाही, शब्द देतो.

शब्द नको. पोट ऐका म्हटलं. हो हो म्हणाले.

टेबलावर. वही सोडलेली नाही. मॉनिटर इथून दिसतो. मला अजून काही जोडलेलं नाही – टेकड्या येताहेत. उंच, सावकाश. कशा छान. ओरडले, बघा, बघा. ते वळले तोवर नव्या सिस्टरने मास्क माझ्या तोंडाशी आणला होता. वा, उत्तम येतेय रेघ, म्हणाले. डोळे भरून आले त्यांचे.

मास्क सारलाय बाजूला. आत गरम होतं.

वही सिस्टरकडे देतेय. सिस्टर, एवढं वाचून दाखवा त्यांना, आत्ता, औषध द्यायच्या आधी – नळी घातली की पोट ऐका – ऑक्सिजन बघा – ती रेघ माझी नाही – रेघ चालू असली तरी मी –