मामी लोहात पहिली आली

मोशी,
१८ सप्टेंबर २०२५

चि. वर्षालीस नानासाहेब मामाचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि मी तुला, म्हणून कागद घेतला. कागद मध्येच तोडत नाही.

माझ्या वाढदिवसानिमित्त महिलांचं रक्ततपासणी शिबिर घेतलं. चाकणच्या कंपन्यांत शिफ्टला जाणाऱ्या आपल्या भागातल्या बायका झाडून आल्या. घरोघर तापाची साथ, तरी आल्या. फेरिटिन म्हणजे अंगातला लोहाचा साठा, हे तुला हैदराबादेत पोषणाची सर्वेक्षणं करून ठाऊक असेलच. सगळ्यांचा साठा भरपूर निघाला! आणि सर्वांत जास्त तुझ्या मामीचा. शाळेत कधी पहिली आली नव्हती, ती इथे आली.

लगेच तिच्या लोहाच्या गोळ्या बंद केल्या. कोठार भरलंय, वर पोती कशाला? चौकात फ्लेक्स लावतोय: 'मोशीच्या माता, रक्तात लोखंड'. मध्ये मामीचा फोटो, बाजूला मी. तू फक्त संस्थेच्या कागदावर दोन ओळींची शाबासकी पाठव. बाकी मामी मजेत. सकाळी जरा उशिरा हलते, पण अंगानं भरली आहे. पाटल्या हातात रुतायला लागल्यात. सुखाचं घर म्हटलं की एवढं व्हायचंच.

माया आहेच, पण शाबासकी आधी यावी.

तुझा,
नानासाहेब मामा (भावी नगरसेवक)


हैदराबाद,
२४ सप्टेंबर २०२५

ती. स्व. मामांस वर्षालीचा सा. नमस्कार, वि. वि.

शाबासकी लिहायला बसले, पण पेन गुणाचं नाही, खरं लिहितं.

मामा, अंगात ताप किंवा सूज असली की फेरिटिन आपोआप चढतं, साठा रिकामा असला तरी. म्हणून आम्ही त्याच रक्तात सीआरपीही मोजतो. तिच्यावरून अंगात सूज किती ते कळतं. मग सुजेपायी चढलेला भाग हिशोबानं उतरवतो. तुम्ही ऐन साथीत शिबिर घेतलंत आणि सीआरपी वगळलीत. म्हणजे पाहुणे पंगतीला बसलेले असताना डोकी मोजून आपलं कुटुंब मोठं म्हणालात. सुजेला बाळसं म्हणण्याची हौस आपल्याकडे जुनीच, पण तिचा फ्लेक्स लावणारे तुम्हीच पहिले.

आता थट्टा पुरे. आमचं गणित हजारो बायकांचे आकडे मिळून दुरुस्त करतं. एकट्या मामीला त्याचा उपयोग नाही, तिला डॉक्टर लागतो. पाटल्या रुततात, सकाळी हलायला उशीर होतो, हे तुम्ही सुख म्हणून लिहिलंत. वाचून मला धडकी भरली. सीआरपी आणि हिमोग्लोबिन करा, सांधे दाखवा. गोळ्यांचंही डॉक्टरांनाच विचारा.

मामी, हे पत्र मामा मोठ्यानं वाचतीलच. तुला कुठं दुखतं, ते तू मला लिही.

लोभ असू द्यावा. लोहाचं नंतर पाहू.

तुमची,
वर्षाली


मोशी,
२ ऑक्टोबर २०२५

चि. वर्षालीस आशीर्वाद, थोडे कमी.

तुला शिकायला कौतुकानं धाडलं. ते शिक्षण आमच्याच फ्लेक्सवर उलटेल असं वाटलं नव्हतं. फ्लेक्स लागलाय. मामीला विचारायची गरजच नाही, तिनं लग्न झाल्यापासून कधी कसली तक्रार केलेली नाही. पाटल्या काल सोनाराकडे कापून काढाव्या लागल्या, तर मी मोठ्या मापाच्या करायला टाकल्या. तिचे डोळे भरून आले, आनंदानं.

सीआरपी चिखलीच्या लॅबमधून करवतो, ती केवळ तुझं तोंड बंद करायला. रिपोर्ट फ्रेम करून पाठवीन.

राग नाही, लोभही सध्या बेताचाच.

नानासाहेब


मोशी,
३० नोव्हेंबर २०२५

चि. वर्षालीस शालनमामीचा लई लई आशीर्वाद.

फ्रेम काय आली न्हाई ना? येणार बी न्हाई. सीआरपीचा आकडा बघून तुझं मामा खुर्चीत बसलं ते उठंनात. मोठ्या डॉक्टरनं बोटं दाबून बघितली, म्हनलं, संधिवात हाय, लई महिन्यांचा. फेरिटिन त्यानंच फुगलेलं. आनखी तपासण्या केल्या तवा कळलं, लोखंडाचं कोठार रिकामंच. गोळ्या परत चालू झाल्या. मी पयली आले खरी, पर सुजंत.

फ्लेक्स उतरवला. पालथा करून भाडेकरूच्या शेडवर टाकलाय, पत्रा गळत हुता. तुझं मामा आता चौकात बसून समद्यांना सीआरपी समजावत्यात, जनू ह्यांनीच शोधून काढली. पर बायकांना परत तपासायला बोलावलंय, तेवढं बरं केलं.

तू इचारलं हुतं, कुठं दुखतं. तवाच लिहिनार हुते, पर पेन धरवंना. मनगटं, बोटांची पेरं, गुडघं. सोनाराकडं रडले ती दुखलं म्हनून. आता औषधानं उतार हाय, म्हनून ह्ये पत्र माझ्या हातानं लिवतेय.

सूज उतरली, तर मोठ्या मापाच्या पाटल्या ढिल्या व्हायला लागल्यात. काल कणीक मळताना एक परातीत पडली. मामांनी उचलली, धुतली, आन पयल्यांदाच इचारलं, दुखतंय का म्हनून. जन्माची सवय, मी न्हाई म्हननार हुते. पर व्हय म्हनले.

लोभ हायच गं. लोखंड बी येतंय हळूहळू.

तुझी,
शालनमामी