निखिलला माहीत होतं

२ जून
रेवाचे हात आज फुटले. साबण, पाणी, परत साबण. नऊ वर्षांची पोर. ऑटिझम लहानपणापासून माहीत आहे, पण हे धुणं, ही भीती यंदाचीच. थेरपिस्ट म्हणते, सवय आहे, मोडा. म्हणून बाथरूमला कुलूप लावलं. दाराशी बसून किंचाळत होती. निखिल हेडफोन घालून मीटिंगमध्ये.

९ जून
मल्लेश्वरमच्या नव्या डॉ. इ-सिटीतल्या घरून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन येण्यातच दिवस गेला. म्हणाल्या, हे सगळं ऑटिझममुळेच असेल असं नाही. वेगळा ओसीडी, म्हणजे मंत्रचळ, असू शकतो, तो कधी कधी घराण्यातून येतो. "घरात कुणाला?" माझ्या मावशीचं डिप्रेशन सांगितलं. निखिल म्हणाला, "आमच्याकडे कुणालाच नाही."

१४ जून
नणंद आलीय नागपूरहून, मेधा. रेवाला बेसिनपाशी बघून रडायलाच लागली. "वहिनी, दादाचं अगदी असंच व्हायचं. इंजिनिअरिंगचं वर्ष गेलं त्यात. गोळ्यांनी बरा झाला." मग माझा चेहरा बघून, "त्यानं तुला..."
पोहे करपले.
सासूबाई इतकी वर्षं ऐकवतायत, पोटुशी असताना लॅपटॉप सोडला नाहीस, त्याचं हे. निखिल तिथेच बसलेला असायचा. एकदाही...

१५ जून
विचारलं.
"आई म्हणाली, लग्न मोडेल, बोलू नकोस. मग राहून गेलं."
राहून गेलं!
"मी कुलूप लावत होते तेव्हा तिला काय होतंय, तुला कळत होतं?"
हेडफोन उचलले, परत ठेवले. मग, "हो."
कुलूप कचऱ्यात टाकलं. रेवाची माफी कशी मागू? तिला कळेल अशी?

२३ जून
परत डॉ.कडे. निखिलनं सगळं सांगितलं. कुठली गोळी, काय फरक पडला. डॉ. म्हणाल्या, याचा उपयोग होईल, आधी कळतं तर बरं झालं असतं. जीन्सचं म्हणाल तर दोष कुणाचाच नाही.
जीन्सचा नाही, मान्य.
रेवानं त्याची बाही ओढली. "बाबा, थांबतं?"
"थांबतं गं. हळूहळू."
त्याला टेकून बसली. तिच्यासाठी बरं वाटलं. तिच्यासाठीच.

२६ जून
गोळी सुरू. फरकाला वेळ लागेल म्हणे. शनिवारी सासूबाई येतायत. निखिल म्हणतो, "आईशी मी बोलतो. तू काही बोलू नकोस."
रेवाच्या खोलीत माझी गादी घातलीय. आल्या की दिसेलच त्यांना.