ओळखीचे एक गृहस्थ

४ फेब्रुवारी

चि. बारकीस अनेक आशीर्वाद.

सोबत माझं नवं पुस्तक पाठवतो आहे. मुंग्या, झोप, पूल आणि पचन झाल्यावर या वेळी सवयींवर लिहिलं. प्रकाशक कुरकुरतात, दर खेपेला विषय बदलणारा लेखक दुकानात कुठल्या कप्प्यात ठेवायचा म्हणून. तो त्यांचा प्रश्न.

इकडे सर्व क्षेम आहे. गेल्या आठवड्यात चोरी झाली, भिंतीवरचं घड्याळ आणि रेडिओ गेला. गंमत म्हणजे खिडक्यांचे गज शाबूत, आणि कुलूपही दाराआडच्या खुंटीवर जागच्या जागी शाबूत. हे सांगितलं तर पोलीस माझ्याकडे बघतच राहिला, तोही चक्रावला असावा. पुढचं पुस्तक कुलपांवरच लिहावं म्हणतो.

मेहुण्यांना नमस्कार. लोभ आहेच, तो उत्तर लिहून दाखवावा.

दादा

१३ फेब्रुवारी

ती. दादास बारकीचा सा. न. वि. वि.

पुस्तक पोचलं. तुझं पुस्तक आलं की आम्ही आधी त्यात स्वतःला शोधतो. झोपेच्या पुस्तकातला 'स्वतःच्याच घोरण्याने दचकून उठणारा एक बँक कर्मचारी' यांनी अजून तुला माफ केलेला नाही. मुंग्यांच्या पुस्तकातली, साखरेच्या डब्याला झाकण न लावणारी 'एक सुशिक्षित गृहिणी' सासूबाईंनी शेजारणींना मोठ्याने वाचून दाखवली होती.

या वेळी आमच्यापैकी कुणीच नाही म्हणून हे खुशीत होते. मग सातवं प्रकरण आलं. 'माझ्या ओळखीचे एक गृहस्थ' बायको जाऊन दोन वर्षं झाली तरी बाहेर पडताना दार नुसतं ओढून घेतात, कारण आत ती असायची. ही सवय मेंदूत कुठे असते त्याचं तू चित्रही काढलं आहेस. चित्र छान आहे. मला मात्र पुढचं वाचवेना, रडू आलं.

दादा, तुझ्या ओळखीचे हे गृहस्थ कुठून आले? आणि तुझं कुलूप खुंटीवर काय करत होतं? वहिनी गेल्यापासून मी ये ये म्हणते आहे. वरची खोली झाडून ठेवली आहे. या घरात सतत कुणीतरी असतं, अगदी नको होईल इतकं.

लोभ असू द्यावा, आम्ही उदाहरणांत नसलो तरी.

बारकी

२० फेब्रुवारी

चि. बारकीस आशीर्वाद.

एका उदाहरणावरून निष्कर्ष काढू नये, हे मी पचनाच्या पुस्तकात पहिल्याच पानावर सांगितलं आहे. ते गृहस्थ वेगळे आहेत, ठणठणीत आहेत, आणि कुणाच्या वरच्या खोलीत जाऊन राहायची त्यांची इच्छा नाही. माझीही नाही.

लोभ असावा, उपदेश नसावा.

दादा

२४ फेब्रुवारी

ती. दादास सा. न.

बरं, वेगळे तर वेगळे. त्यांना माझा निरोप दे. उद्या भाजी आणायला जाताना दाराला कुलूप लावून जा म्हणावं. ते त्यांना सहज जमलं, तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही. तू प्रयोगावर विश्वास ठेवणारा माणूस, म्हणून सांगते.

लोभ आहे, म्हणूनच छळते आहे.

बारकी

३ मार्च

चि. बारकीस अनेक आशीर्वाद.

प्रयोग केला. आधी दोनतीनदा कुलूप हातात घेऊन परत खुंटीला अडकवलं. काल लावलं. किल्ली फिरवली आणि हिला आत कोंडून चाललो आहोत असं वाटलं, म्हणून घाईघाईने उघडलं. आत कुणी नव्हतं. एवढं पुस्तक लिहूनही ते मला कळलं नव्हतं. मी जिन्यातच बसलो. खालच्या शिंप्याने पाणी आणून दिलं.

गुरुवारी येतो. बरोबर पुस्तकांच्या दोन पेट्या आहेत, मेहुण्यांच्या पाठीला झेपतील तेवढ्याच भरल्या आहेत. पुढच्या आवृत्तीत सातव्या प्रकरणातलं उदाहरण बदलावं लागेल. घोरण्याचं मात्र राहू दे, ते आता वरच्या खोलीतून पडताळता येईल.

निघताना दाराला कुलूप लावीन. किल्ली आल्या आल्या तुझ्याकडे देतो. माझ्याकडे राहिली तर मी पुन्हा उघडून बघायला जाईन.

लोभ असू दे, आणि आल्यावर फार विचारपूस नको.

तुझ्या ओळखीचा गृहस्थ,
दादा