चौथऱ्यावर न चढलेली फोक्सवॅगन

मी, सगुणाबाई मानाजीराव जगताप, वय सदुसष्ट, अविवाहित, सरकारी कन्याशाळेची निवृत्त मुख्याध्यापिका, राहणार देवास, हे इच्छापत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डोळ्यांबद्दल डॉक्टरांचे मत वेगळे आहे, ते पुढे येईल. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दोन वर्षे प्रयत्न झाला, साधला नाही. यापूर्वीचे सर्व मसुदे रद्द समजावेत, विशेषतः माझा भाचा अरविंद याने टाइप करून आणलेला आणि मी सही न केलेला.

अरविंद मराठी बोलतो, पण वाचताना अडखळतो. म्हणून त्याची बहीण कल्पना हिने हे त्याला मोठ्याने वाचून दाखवावे. ती भिडस्त आहे. तिने काही गाळू नये.

कलम १. देवासचे माझे राहते घर अंगणासह अरविंद जगदेवराव जगताप याला द्यावे. विटा, फरशी, सिमेंट यांत त्याचे मन रमते, आणि भोपाळ रस्त्यावरचे हॉटेल त्याने चांगले चालवले आहे, हे मला मान्य आहे. मात्र नर्मदाबाई, जिने इतकी वर्षे माझा स्वयंपाक आणि माझा स्वभाव दोन्ही सांभाळले, ती मागच्या खोलीत हयातभर राहील. तिला कोणी हलवू पाहिले तर घर शाळेला जाईल.

कलम २. पोस्टातील शिल्लक नर्मदाबाईला. तिने ती तीर्थयात्रेवर उधळली तरी कोणी तिला शहाणपण शिकवू नये.

कलम ३. गाडी. हे कलम लांबेल.

१९६१ साली शिक्षिकांच्या अदलाबदल योजनेतून मी वर्षभर अमेरिकेत, ओहायोतल्या एका लहान गावी शिकवत होते. अमेरिकन गाड्या तेव्हा होड्यांसारख्या लांब असत. पण आमच्या शाळेच्या आवारात मास्तर लोकांच्या गाड्या पाहिल्या तर निम्म्या युरोपातून आलेल्या, छोट्या: फोक्सवॅगन, रेनॉ, फियाट, सिम्का, हिलमन. त्यांचे तिथे कोणाला अप्रूप नव्हते. आपल्याकडे सायकली असतात तशा त्या होत्या. शाळेची ग्रंथपाल हॅरिएट हिने मला आपल्या फोक्सवॅगनवर गाडी शिकवली. बर्फात मी घाबरले की म्हणे, "तू पुढे बघ. इंजिन मागे आहे, ते मागून ढकलेल." लहानपणी कॉन्व्हेंटमधल्या नन्सनी मला पाठ ताठ ठेवून बसायला शिकवले होते, त्या बसण्याचा खरा उपयोग मला त्या सीटवर कळला.

पुढे १९७४ साली इथल्या एका कारखान्यात आलेला जर्मन इंजिनियर मायदेशी परतत होता. त्याच्याकडे हॅरिएटच्यासारखीच गाडी होती, तीही १९६१ सालची. मी विकत घेतली. अविवाहित मुख्याध्यापिका स्वतः गाडी हाकते, याचे धारच्या आमच्या नातेवाइकांनी बराच काळ तोंडी लावणे केले.

१९८५ साली अरविंद अमेरिका पाहून आला. मी विचारले, आमच्या छोट्या गाड्या दिसल्या का?

"आत्यासाहेब, वहाँ तो एक भी नहीं दिखी. सगळ्या जपानी. तुमच्यासारखी एक म्युझियममध्ये होती, चारी बाजूंनी रस्सी लावून."

"चालू होती?"

"चालू कशाला? लोक फोटो काढत होते ना."

तेव्हापासून त्याने ध्यास घेतला की माझी गाडी त्याच्या हॉटेलसमोर चौथऱ्यावर चढवायची, भोवती रस्सी लावायची आणि रात्री वर दिवे सोडायचे. घरी येई तेव्हा नमस्काराआधी टायर बघे. ज्या जातीची गाडी मला बर्फातून आणि माळव्याच्या धुळीतून चालवता आली, ती दोरीच्या आत बघायला मी तयार नव्हते. पण माझ्यानंतर माझे कोण ऐकणार, या विचाराने दुपारची झोप गेली होती.

कलम ४. माझे थोरले बंधू दादासाहेब, म्हणजे जगदेवराव, यांना मी गाडीपुढे टांगायची छागल, म्हणजे कॅनव्हासची पाण्याची पिशवी, देत आहे. कारण त्यांना ठाऊक आहे. बाकीच्यांनी ऐकावे.

१९७५ च्या वैशाखात मी, दादासाहेब आणि तेव्हा शाळकरी असलेली कल्पना अमझेऱ्याला देवदर्शनाला निघालो. वाटेत चहाला थांबलो. दादासाहेबांनी दरबारच्या काळात मोठ्या गाड्या हाकल्या होत्या, आणि "आधी गाडीला पाणी, मग माणसाला" हा त्यांचा नियम होता. मी चहा घेत होते तेवढ्यात त्यांनी पुढचे झाकण उघडले, आत एक टोपण दिसले ते काढले आणि सबंध छागल त्यात रिकामी केली. ही गाडी वाऱ्याने थंड होते. तिला पाणी लागतच नाही. ते टोपण पेट्रोलच्या टाकीचे होते. वास आला नाही का, असे विचारले तर म्हणतात, मला सर्दी होती. वैशाखात.

आम्ही बैलगाडीमागे दोर बांधून परतलो. आणि तेव्हापासून धारमध्ये दादासाहेब सांगत आले, "सगुणाने गाडी बंद पाडली. बायकांच्या हाती मशीन टिकत नाही." बारा वर्षे मी गप्प राहिले. आता हे कागदावर आले आहे आणि दोन साक्षीदारांनी वाचले आहे. दादासाहेब, मी तुम्हाला माफ केले आहे. छागल मात्र दर्शनी भिंतीवर टांगा.

कलम ५. परवाच्या दसऱ्याला अरविंद गवंडी घेऊनच आला. आमच्यात दसऱ्याला शस्त्राची, हत्याराची, गाडीची पूजा होते. ज्यावर घर चालते त्याला हात जोडायचे. अरविंदने नेहमीप्रमाणे गाडीच्या नाकावर हार घातला, नारळ फोडला आणि मग म्हणाला, "आत्यासाहेब, इंजिन निकाल देंगे तो वजन हलकं होईल. चौथरा छोटा चालेल." असे म्हणून त्याने पुढचे झाकण उघडले. आत स्टेपनी, जॅक आणि माझी छत्री.

"अरे, इंजिन किसने निकाला?"

गवंडी माझ्याकडे बघू लागला. मागच्या बाजूने कल्पनाचा आवाज आला, "भिया, तुझी पूजा झाली असेल तर इकडे ये." तिने मागचे झाकण उघडून इंजिनाला हळदकुंकू लावले होते. ती दरवर्षी लावते. तिला कोणी सांगितले नव्हते. एकदा आवाज कुठून येतो ते तिने ऐकले, एवढेच.

"आबासाहेबांनी मला कभी बताया नहीं," अरविंद म्हणाला. आबासाहेब म्हणजे त्याचे वडील, माझे दादासाहेब.

"आबासाहेबांनी तर पाणी ओतलं होतं," कल्पना म्हणाली.

तेरा दसरे अरविंदने माझ्या छत्रीची पूजा केली. मी त्याच्यावर रागावले नाही. उलट छातीवरचा दगड उतरला. काय करायचे ते मला त्या क्षणी कळले.

म्हणून कलम ३ मधील गाडी मी या मृत्युपत्राने कोणालाही देत नाही. ती माझी राहिलेली नाही. शनिवारी आर.टी.ओ. मध्ये जाऊन मी ती डॉ. कल्पना जगदेवराव जगताप हिच्या नावे करून दिली. डॉक्टरांनी मोतीबिंदूमुळे मला गाडी चालवू नको म्हणून बजावले होतेच. काल कल्पनाने मला शेजारी बसवून धारला नेऊन आणले. या रस्त्यावर आजवर मी फक्त खड्डे पाहिले होते. काल शेते पाहिली. सोयाबीन कापणीला आले आहे. परतल्यावर मी दिवे लागेपर्यंत झोपले.

कलम ६. जर्मन इंजिनियरने दिलेले पाने आणि स्क्रूड्रायव्हर कल्पनाला. गाडीचे माहितीपुस्तक अरविंदला. त्यात चित्रे आहेत.

अरविंद, शेवटचे तुझ्यासाठी. कल्पना आजवर भोपाळ रस्त्यावरच्या सोनकच्छच्या दवाखान्यात बसने जात होती. आता गाडीने जाईल. रोज सकाळी आठाच्या सुमारास ती तुझ्या हॉटेलसमोरून जाईल आणि संध्याकाळी परत येईल. पाहुण्यांना फोक्सवॅगन दाखवायची असेल तर त्यांना वेळेवर बाहेर उभे कर. रस्सी लागणार नाही.

वरील मजकूर मी लिहिला, पुन्हा वाचला, आणि त्यातला एकही शब्द मागे घेत नाही.

सगुणाबाई मानाजीराव जगताप

आमच्यासमक्ष सही केली. सही करताना बाई हसत होत्या:
१. नीलकंठ मोरेश्वर सप्रे, शेजारी
२. सुरेखा माधव लघाटे, शिक्षिका

देवास, सोमवार, ५ ऑक्टोबर १९८७