तुम्ही वर्गात कधीच बसला नाहीत

बाई, मला तुमच्या खुर्चीबद्दल विचारायचं आहे. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि इतक्या वर्षांत हा प्रश्न मला पडला नव्हता. साताऱ्याला भाड्याच्या माडीवर आपली शाळा भरायची, तिथं फळ्याच्या डाव्या बाजूला तुमच्यासाठी एक वेताची खुर्ची होती. तिच्यावर तुम्ही कधी बसला नाहीत. अकरा ते पाच तुम्ही उभ्या, नाहीतर बाकांमधून फेऱ्या घालत. आम्ही मुली त्याला शिस्त म्हणायचो. मी सांगलीला शिक्षिका झाले तेव्हा पहिल्याच दिवशी वर्गातली खुर्ची भिंतीकडे सरकवली, कारण तुम्ही बसत नव्हतात. आता मला शंका येते की तुम्हाला बसताच येत नसावं.

शंका का येते ते सांगते. गेल्या दिवाळीनंतर माझं बसणं बंद झालं. उभी असले की काही नाही, आडवी झाले की काही नाही; बसले की पाच मिनिटांत ओटीपोटाच्या तळाशी, आतल्या बाजूला, जळत्या दोऱ्याने कुणी टाके घालावेत तसं सुरू होतं. आधी उजवीकडून, मग मांडीच्या आत. वैद्यांनी चूर्ण दिलं. एका डॉक्टरांनी मूळव्याध म्हणून मलम दिलं, दुसऱ्यांनी वयाकडे बोट दाखवलं. रेशनचं रॉकेल जाळून पाणी तापवायचं आणि घंगाळात कटिस्नान घ्यायचं, हेही महिनाभर केलं. शास्त्राच्या तासाला मी मुलींना शिकवते तसं केलं: निरीक्षण, नोंद, मग अनुमान. वहीत लिहीत गेले, किती मिनिटांनी, कोणत्या बाजूला, कशावर बसल्यावर. वही भरली, पण अनुमान काही निघेना. मार्चमध्ये शाळेच्या मंडळाच्या अध्यक्षांनी बोलावून घेतलं. फार सभ्यपणे म्हणाले, "बाई, मुख्याध्यापिकेला निदान सह्या करायला तरी बसावं लागतं. जूनमध्ये काय ते कळवा." म्हणजे मला उन्हाळ्याची सुट्टी मिळाली होती. तेवढ्यात बसता आलं तर शाळा, नाहीतर घर. आणि घरी माझं दुसरं काही नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे.

शेवटी मिशनच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं. बसण्याच्या हाडाच्या आतल्या बाजूने एक मज्जातंतू जातो, त्याच्याभोवतीचे स्नायू आवळून बसले आहेत, कापायचं काही नाही, ते सैल करायला शिकायचं. शिकवायला त्यांच्याकडे एक नर्स होती. लढाईच्या वर्षांत ती लष्करी इस्पितळात होती, जखमी शिपायांना मालीश आणि व्यायाम देऊन पुन्हा चालतं करायचं काम तिथं शिकली. रहिमतपूरकडची, ऊसवाल्या घरातली. भाऊ, दीर सगळे पलटणीत. आठवड्यातून दोनदा मी तिच्याकडे जाऊ लागले. टांग्यात बसता येत नसे म्हणून बैठकीवर गुडघे टेकून, मागे तोंड करून जायची. टांगेवाल्याने दोन फेऱ्या सोसलं, तिसऱ्या वेळी विचारलं, "मास्तरीणबाई, मागनं कोन येतंय का बगताय व्हय?"

नर्सने कुठे हात लावला आणि कसा, ते मी लिहीत नाही. तिथवर येऊन तुम्ही हे पत्र दुमडून ठेवलं असतंत. बोलणं मात्र लिहिते.

"सोडा," ती म्हणाली.

"काय सोडू?"

"आत धरलंय ते."

"मी काहीही धरलेलं नाही."

"आवं, दगडावानी हाय की! कवापास्नं धरलंय?"

मला राग आला. मग मी खरोखरच हिशेब केला, आणि बाई, तो थेट तुमच्यापाशी येऊन थांबला. मी अकरा वर्षांची आहे. शाळेची मोरी खाली आहे, जिना उतरून, भुसाराच्या दुकानासमोर. मी हात वर करते. "बाई, बाहेर जाऊ?" तुम्ही वळूनही पाहत नाही. "खाली बस. एकोणतीसचा पाढा म्हण मनात." शाळा सुटल्यावर तुम्ही मला थांबवून घेतलंत आणि कारण सांगितलंत, ते मला तेव्हाही पटलं होतं. आपल्यापैकी एक मुलगी जरी त्या दुकानासमोर ताटकळताना दिसली, तर दुसऱ्या दिवशी दोन बाप आपापल्या मुली काढून नेतील. शाळा अठरा मुलींची. मी पाढे पाठ केले. वर्षभरात मला पाढ्यांचीही गरज उरली नाही.

"अकराव्या वर्षापासून," मी नर्सला सांगितलं. "तेहतीस वर्षं."

ती हात पुसता पुसता थांबली. "तेहतीस वर्सं? पलटणीत बी एवढा पहारा कुनाला देत न्हाईत. बदली मानूस येतंय."

मला हसू आलं, आणि हसताना आत काहीतरी क्षणभर सुटलं. ते तिच्या बोटांना माझ्या आधी कळलं. "आत्ता! ह्येच. ह्येच शिकायचं हाय."

शिकणं अवघड होतं, पण इतक्या वर्षांनी कुणाची तरी विद्यार्थिनी व्हायची गंमतही होती. सतरंजीवर पाठ टेकायची, पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर ठेवायच्या, आणि श्वास घेताना पोट फुगू द्यायचं. पोट फुगू द्यायचं! तुम्ही छडीचं टोक पोटाला लावून "आत" म्हणायचात, आणि मी माझ्या मुलींना छडीशिवाय तेच म्हणत आले. पहिला आठवडा पोट हलेचना. तिने पोटावर पेला ठेवायला सांगितला. माझ्याकडे तुम्ही दिलेलं फुलपात्र होतं, तेच ठेवलं.

ते तुम्ही दिलंत ती संध्याकाळ मला स्वच्छ आठवते. दुसऱ्या दिवशी मी पुण्याला कॉलेजात निघाले होते. तुमच्या स्वयंपाकघरात थालीपिठाचा धूर कोंडला होता. तुम्ही चुलीपुढे बसला होतात, एका अंगावर कललेल्या, त्या बाजूखाली घडी केलेली सतरंजी. मी ते पाहिलं आणि त्याचा काही अर्थ असेल असं मनातही आलं नाही. चांदीचं इतकंसं फुलपात्र तुम्ही माझ्या हातात ठेवलंत. "सकाळी हे एक भरून प्यायचं. मग संध्याकाळी खोलीवर आल्यावर. कॉलेजात मुलींसाठी कुणी आडोसा बांधून ठेवलेला नाही."

"तहान लागली तर?"

"तहानेनं कुणी कॉलेज सोडत नाही. दुसऱ्या कारणानं सोडतात."

कॉलेजच्या वर्गात मुली आम्ही दोघीच होतो. माझ्याबरोबरची मुलगी तिसऱ्या महिन्यात घरी गेली, तुम्ही म्हणालात त्या दुसऱ्या कारणानं. मी पदवी घेतली. ती त्या फुलपात्रानं मिळाली, हे मी आजही नाकारणार नाही.

नर्सला विचारलं, असं दुखणं इतर बायकांना असतं का. मला वाटलं होतं, हे शिकलेल्या बायकांचं. ती म्हणाली, "आमच्याकडं ऊस हाय, आडोशाला कवाबी शिरावं. आटपाडीच्या बाया येत्यात, त्यास्नी इचारा. उघडा माळ सगळा. अंधार पडंस्तवर धरत्यात बिचाऱ्या." मग तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "आन् तुमच्या पोरी? शाळेत हाय का जायाला?"

"आहे. आवारातच आहे."

"मग बरंय."

मी पुढचं सांगितलं नाही. पुढचं असं की त्याला कुलूप असतं आणि किल्ली माझ्या कमरेला असते. मधल्या सुट्टीत उघडतं, एरवी नाही. माझ्या शाळेत तासाला एकही मुलगी उठत नाही, हे मी इन्स्पेक्टरांना अभिमानाने सांगत आले. इथे भुसाराचं दुकान समोर नाही, कुणी बाप मुलगी काढून नेणार नाही. तुमच्याकडे कारण होतं. मी फक्त नियम उचलला, जशी खुर्ची भिंतीला सरकवली तशी.

मे अखेरीला मी वीस मिनिटं बसू लागले, मग अर्धा तास. दुखणं गेलेलं नाही. ते कुठल्या खोलीत आहे हे आता मला कळतं, इतकंच. शेवटच्या दिवशी नर्सने ताकीद दिली. "शाळंत गेलासा तरी दर दोन तासांनी उठायचं आन् जायाचं. घड्याळ बगून. तास चालू आसला तरी. न्हाईतर दिवाळीला परत माज्याकडंच."

"वर्ग सोडून?"

"वर्ग पळून जातोय व्हय?"

मंडळाला मी होकार कळवला. पण मुलींच्या डोळ्यांदेखत मी तासातून उठून जायचं आणि त्यांनी पाढे म्हणत बसायचं, हे मला जमणारं नव्हतं. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी मी कुलूप काढलं.

आज शाळा सुरू झाली. पाचवीवर शास्त्राचा तास होता. भिंतीपासून ओढून आणलेल्या खुर्चीवर मी बसले होते, त्यामुळे मुली आधीच बिचकलेल्या. घड्याळात एक वाजला. मी उठले, "आलेच" म्हटलं आणि गेले. परत येऊन खडू हातात घेतला. मग पहिल्या बाकावरच्या एका मुलीने अर्धाच हात वर केला, कोपरातून. "बाई, मी जाऊ?"

तुम्हाला हे पत्र मिळणार नाही, म्हणून सांगते. माझ्या तोंडून जे आलं ते "खाली बस" होतं. तुमच्याच आवाजात. ती बसलीसुद्धा, आणि तिचे ओठ हलू लागले, काय म्हणत होती कोण जाणे. मग मी म्हटलं, "ऊठ. जा. विचारायचं नाही यापुढे." ती पळाली. मी फळ्याकडे वळून पानाच्या शिरा काढत राहिले. ती परत येऊन बाकावर टेकली तेव्हा मला कळलं की इतका वेळ मी श्वास रोखून, पोट आत ओढून, सगळं घट्ट धरून उभी होते. तिच्यासाठी की तुमच्यासाठी, ते अजून वहीत लिहिलेलं नाही.