दोन बोटांनी फिरलेली मूठ

धुळे, रविवार संध्याकाळ

"ज्या गाडीले जादा तार बांधेल नही, तिन्हावर बसू नको." मी गाडी शिकले तेव्हा आबा, माझे वडील, म्हणाले होते. ॲक्सिलरेटरच्या तारेलगत दुसरी तार बांधल्याशिवाय ते दोंडाईच्याला निघायचे नाहीत. एक तुटली की दुसरी जोडायची.

आज माझी नवी टूरिंग मोटरसायकल घरी आली आणि आबा तारेचं वेटोळं घेऊनच खाली उतरले. मुठीपासून टाकीपर्यंत चाचपत राहिले.

"येनी तार कोठे शे?"

"नाहीच आबा. मूठ किती फिरली ते सेन्सर कॉम्प्युटरला कळवतो. मग एक छोटी मोटर हवेची झडप तेवढी उघडते, आणि इंजिन वेग घेतं."

"म्हंजे मी मांगस, अन् किती देवानं ते दुसराच ठरावस. तुन्ही माय बी असंच करे."

बोलता बोलता त्यांनी मूठ फिरवली. दोन बोटांनी! मनगट आखडल्यावर जुन्या गाडीची जड मूठ वळेना, म्हणून त्यांनी गाडी चालवणं सोडलं होतं. आणि हिला ओढायला तारच नाही. दोन बोटांनी फिरवली, मी पाहिलं. इंजिन बंद होतं म्हणून निवांत होते का? पण मी सांगितल्यावर हाताचा ब्रेकही नीट दाबला.

नाहीच म्हणतील, माहीत आहे. तरी सकाळी चहा देताना विचारणार: आबा, नकाणे तलावाकडच्या रिकाम्या रस्त्यावर थोडंसंच, तुम्ही पुढे बसता का? मी मागे बसते.